कडेची प्रभावळ

दादा, तुमच्या हातचा एक फोटो गेल्या आठवड्यात माझ्याकडे दुरुस्तीला आला. गिरीजला, माझ्या सासरच्या मागच्या पडवीत मी कॉम्प्युटर मांडलाय, तिथे. तुम्ही असतात तर तुमच्या या लेकीला पहिल्यांदा हेच विचारलं असतंत की पडवीत फोटोचं काम कसं होतं, काळोख कुठून आणतेस, पाणी कुठून आणतेस. आता दोन्ही लागत नाही. खिडकी सताड उघडी असते, बाहेर केळीत कोणीतरी पानं कापत असतं, आणि मी लोकांच्या आज्यापणज्यांच्या डोक्यांभोवतीच्या पांढऱ्या रेघा पुसत बसलेली असते. माझं निम्मं काम तेच आहे. तुम्ही हसाल, पण या कामाला आता लांबून लांबून गिऱ्हाईक येतं.

या रेघा येतात कुठून ते सांगते, तुम्हाला आवडेल. हल्ली रंगीत फोटो लोक हौसेने काळा-पांढरा करतात. आकाश काळंभोर दिसावं म्हणून त्यातला निळा पार तळाला ओढतात, वर फोटो रेखीव करायचं बटण असतं ते कचकचून दाबतात. मग आकाश आणि माणूस जिथे भेटतात तिथे पांढरी किनार उमटते आणि माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. नवी पोरं त्याला ‘हेलो’ म्हणतात. मी तोंडाने हेलो म्हणते आणि मनात तुमचाच शब्द म्हणते, प्रभावळ. ती काढायची तर आधी मागे जायचं. ओढलेला निळा थोडा वर आणायचा, रेखीवपणा उतरवायचा, निम्मी प्रभावळ तिथेच जाते. उरलेली हाताने. शेजारच्या आकाशातला करडा उचलायचा आणि ब्रश असा लावून ठेवायचा की तो फक्त गडद करेल, उजळ करणार नाही. म्हणजे तो पांढऱ्या रेघेवरच चढतो, केस आधीच काळे असतात, त्यांना धक्का लागत नाही. जोर अगदी कमी ठेवायचा आणि चार-पाच वेळा फिरवायचा. एका फटक्यात उरकायला गेलं की पांढऱ्या रेघेच्या जागी काळी रेघ येते, म्हणजे आगीतून फुफाट्यात. हे मला कुठल्या क्लासात शिकवलं नाही. तुमच्या काळोख्या खोलीत शिकले तेच मी इथे करते.

ती खोली आईच्या स्वयंपाकघराला लागून होती, पूर्वीची कोठीची खोली. मधे एक दार आणि दाराला आतून घोंगडी. आई म्हणायची, या घरात बोंबलाला औषधाचा वास आणि फोटोला बोंबलाचा. तुम्ही आतून ओरडायचात, दार उघडू नको, आणि ती बाहेरून ओरडायची, उघडायला वेळ कुणाला आहे. प्रिंट धुवायला तुम्ही मागच्या वाडीतल्या हौदावर न्यायचात, पंपाचं पाणी पडायचं तिथे. तासभर गावची लग्नं आणि बारशी त्या पाण्यात उताणी तरंगत असायची आणि मग आईच्या साड्यांशेजारी दोरीवर वाळायची. आगाशीच्या बाजारातल्या दुकानात तुम्ही गंभीर असायचात. घरच्या त्या खोलीत मात्र गुणगुणायचात. हे फक्त मला आणि आईला माहीत आहे.

मी चौदा वर्षांची आहे. लाल दिव्यात तुमचा हातही लाल दिसतोय. एका नवरदेवाचा फोटो आहे, मुंडावळ्यांच्या सावलीने चेहरा काळा पडलेला. तुम्ही सायकलच्या तारेला चिकटवलेला पुठ्ठ्याचा गोल माझ्या हातात देता आणि म्हणता, चेहऱ्यावर सावली धर, सावली पडते तिथे फोटो उजळतो, आकडे मोजत हलवत राहा. वरून उजेड पडतोय, खाली कागदावर नवरदेव उलटा, काळ्याचा पांढरा. मी घाबरून हात ताठ धरते. मग कागद औषधात टाकतो आणि हळूहळू नवरदेव वर येतो, आणि त्याच्या डोक्यामागे बांगडी ठेवल्यासारखं पांढरं कडं. तुम्ही चिमट्याने कागद वर धरता. “हात थांबला,” एवढंच म्हणता. मी म्हणते, छान दिसतंय की, देवासारखं. तेव्हा तुम्ही दिवा लावायच्या आधी, त्या लाल काळोखातच म्हणालात, “प्रभावळ देवाला असते, माणसाला नाही. माणसाच्या मागे त्याचा मांडव आहे, आंब्याचं झाड आहे, ते तू पुसून टाकलंस. आता तो कुणाचा कोण, कुठे उभा आहे, काही कळत नाही.” आणि मग मला दुसरा कागद दिलात. तिसऱ्या कागदाला माझा हात हलला आणि झाड परत आलं. तुम्ही शाबास वगैरे काही म्हणाला नाहीत. आईला हाक मारून म्हणालात, हिला चहा दे, मोठ्या माणसाचा.

तुमचं खरं काम तेराव्याचे फोटो. घरातलं कोणी गेलं की लोक कुठलासा लग्नातला नाहीतर रेशनकार्डाच्या वेळचा बारकासा फोटो घेऊन यायचे, त्यात त्यांचा माणूस तिसऱ्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड. तुम्ही त्याचा पुन्हा फोटो काढून, मोठा करून, शेजारचा खांदा पुसून, हार घालण्याजोगा करून द्यायचात. काही लोक नुसतेच यायचे, फोटोच नाही म्हणायचे. मग तुमचा तो ठरलेला विनोद, “बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर म्हणतात. माझ्याकडे श्राद्ध करायचं तर बाप दाखवावाच लागतो.” रडत आलेली माणसंही त्यावर हसायची. अशा दिवसांत माणसाला हसवणं सोपं नसतं, हे मला आता कळतं.

पुढे मी वालीवला एका गाळ्यातल्या फोटो लॅबमध्ये नोकरीला लागले. तिथे नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि तो चालवणारी मी एकटी, त्यामुळे डोक्यात हवा गेली होती. नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही मला तुमचा फोटोवरचे पांढरे ठिपके भरायचा ब्रश दिलात, चार केसांचा उरलेला. म्हणालात, तुझ्या यंत्राला लागणार नाही, तरी असू दे. मी तो पर्समध्ये टाकला आणि गिऱ्हाइकांना दाखवून हसवत असे. आणि मग तो दिवस. मी सुट्टीला माहेरी आले होते, लेक कडेवर, आणि बाजारात दुकानावर डोकावले. खाडीकाठच्या गावचा एक माणूस उभा होता, भातशेती करणारा, आई गेलेली, उद्या बारावा. तुम्ही त्याच्या आईचा मोठा केलेला फोटो पाकिटातून काढून त्याच्यापुढे ठेवला. म्हातारीच्या डोक्याभोवती दोन बोटं रुंद पांढरं वलय. उचलली जीभ लावली टाळ्याला, तशी मी म्हणाले, “अहो दादा, प्रभावळ देवाला, माणसाला नाही, हे कोण म्हणायचं?” आणि हसले. मोठ्याने हसले.

तुम्ही फोटो उचलून दाराशी गेलात. लांब धरलात, जवळ आणलात, पुन्हा लांब धरलात. मला वाटलं चूक कबूल करायला वेळ लावताय. “उद्या दुसरा करून देतो,” तुम्ही त्याला म्हणालात. तो म्हणाला, “उद्या बारावा हाय मास्तर. असाच द्या. आयचे तोंडावर तेज आलाय.” आणि छातीशी धरून घेऊन गेला. त्यानंतर तुम्ही एकही फोटो छापला नाहीत. ट्रे धुऊन पालथे घातलेत, फोटो मोठा करायच्या यंत्रावर आईचं जुनं लुगडं टाकलंत आणि विचारलं त्या प्रत्येकाला सांगितलंत की आता चांगला कागद मिळत नाही. ते खरंही होतं, म्हणून सगळ्यांना पटलं. दीड वर्षात तुम्ही गेलात, वाडीत, पाणी लावता लावता. तेराव्याला फोटो हवा होता आणि आयुष्यभर कॅमेऱ्याच्या मागे राहिलेल्या माणसाचा घरात एक धड फोटो नव्हता. बाप दाखव नाहीतर, ते मला आठवलं आणि हसू आलं नाही. मतदार ओळखपत्रावरून मी लॅबमध्ये तुमचा फोटो केला. कडा इतक्या साफ केल्या की कुणी नाव ठेवणार नाही.

बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत मला एकच गोष्ट कळायची होती. माझ्या त्या वाक्याने तुमची खोली बंद झाली का? आईला एकदा विचारलं, ती भाकरी थापत होती. “त्यांचं मन उडालं,” म्हणाली. कशाने उडालं ते मी पुढे विचारलं नाही, कारण ती सांगेल अशी भीती होती.

गेल्या आठवड्यात तोच माणूस आला. आता तो सत्तरीचा आहे, पायऱ्या चढताना गुडघ्यावर हात ठेवतो. “वलखलास का बाय?” म्हणाला आणि फडक्यात बांधलेली फ्रेम टेबलावर ठेवली. काचेच्या आत बुरशी लागून म्हातारीचा एक कान आणि वलयाची डावी बाजू खाल्ली होती. “आयचा फोटू नवा करून दे. पन तो तेज काढू नको हा. मास्तरांनी दिलेला तेज हाय तो. नातवंडा पन त्यालाच हात जोडतात.” मी बरं म्हणाले. माझ्या मनात काय चाललं होतं ते त्यांना दिसलं नसावं, आणि दिसलं असलं तरी ते चहा पिऊन गेले.

फोटो स्कॅन केला, पडद्यावर चौपट मोठा केला आणि सवयीने हात चालू लागला. पाच मिनिटं मी करडा लावत होते, अर्धं वलय पुसून झाल्यावर लक्षात आलं की हे काढायचं नाहीये. परत मागे गेले. आणि मग, दादा, मी पहिल्यांदा त्या वलयाकडे नीट बघितलं. त्या दिवशी दुकानात मी त्याच्याकडे जेमतेम क्षणभर बघितलं होतं. हात थांबला की प्रभावळीची कड कडक येते, माझ्या नवरदेवाला आली होती तशी. इथे कड कुठेच नव्हती. पांढरं चारी बाजूंनी सारखं विरत गेलं होतं, जणू कुणी वाफ सोडलीय. म्हणजे हात हलत होता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हलत होता, तुम्ही मला शिकवलंत अगदी तसा. फक्त गोलाची सावली केवढी पडलीय, डोक्याच्या बाहेर किती गेलीय, हे त्या हाताच्या मालकाला दिसत नव्हतं. आळस नव्हता, घाई नव्हती, म्हातारपणाचा विसरभोळेपणाही नव्हता. हे ओळखायला आगाशीच्या बाजारात मी सोडून दुसरं कुणी नव्हतं, आणि मी हसत होते.

बुरशीने खाल्लेली डावी बाजू मी भरून काढली. आता ब्रश उलटा लावला, फक्त उजळ करणारा. जन्मभर पुसलेली गोष्ट उमटवायला बसले आणि मला ती जमेना. तुमच्या बाजूचं पांढरं विरत जायचं, माझ्या बाजूचं थांबायचं. तीनदा पुसून चौथ्यांदा केलं तेव्हा कुठे दोन्हींचा सांधा लपला, तोही अगदी जवळून बघणाऱ्याला कळेल.

ते काका परवा फोटो न्यायला आले. फोटो बघून त्यांनी पहिल्यांदा हात जोडले, मग मला बरा झालाय म्हणाले. ते पडवीच्या पायरीवर बसले आणि मी विचारलं, “काका, दादांना तेव्हा दिसत नव्हतं का हो?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुना कोनी सांगितला?” मी म्हणाले, कोणी नाही, फोटोनेच. त्यांनी फ्रेम मांडीवर घेतली. केळीत पंप चालू होता, तो बंद झाला.

“बाराव्याचे दुसरे दिवशी मास्तर आमचे घरी आलेले,” ते म्हणाले. “बसने आले, मग बांधावरून चालत. मना वाटला फोटू परत मागतात. मी म्हनलो, नाय देनार. तर बोलले, परत नको मना. माझा बोट धर आनि तो पांढरा कुठून कुठपर्यंत हाय, काचेवर दाखव. मग मी त्यांचा बोट धरला. आयचे डोक्याभोवती गोल फिरवला. बोलले, एवढा? मी म्हनलो, एवढा.” काकांनी हवेत बोट फिरवून मला दाखवलं. “मग खाली बसले, पानी मागितला. बोलले, मोतीबिंदू हाय, दोन वर्षं झाली, घरात म्हाईत नाय. आता फोटू नाय करनार. लोकांचे आईबापाला हात लावायचा तं दिसला पायजे.”

मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलले का. विचारायला नको होतं, पण विचारलं. काका हसले. “बोलले ना. बोलले, पोरगीची नजर चांगली हाय. दुसरी कोन असती तं बापाचे हातचा फोटू म्हनून गप बसली असती. तिनी बोलून दाखवला, बरा झाला, नायतं मी आनखी किती जनांची आई बिघडवली असती.” मग ते उठता उठता म्हणाले, “आनि बोलले, तिना यातला काय सांगू नको. तोंडाळ हाय, पन रडत बसेल.”

मी रडत बसले, दादा. त्यांच्यासमोरच, पायरीवर. बिचारा माणूस फ्रेम सांभाळत उभा राहिला आणि म्हणाला, बघ, मास्तरांना म्हाईत होता. ते गेल्यावरही मी बराच वेळ तिथेच होते. तुम्ही माझ्यावर रागावला नव्हतात याचा मला इतका आनंद झाला की त्याची लाजच वाटली, आणि तुम्ही परक्या माणसाचा हात धरून ते वलय चाचपलंत, मला नाही विचारलंत, याचं इतकं वाईट वाटलं की अजून वाटतंय. माझं बोट होतं ना. मी त्या दिवशीही माहेरीच होते.

हे पत्र कुठे जाणार नाही. फोटोंच्याच फोल्डरमध्ये लिहिलंय, तिथेच राहील. पण लिहायला बसलेच आहे तर खरं सांगते. त्या दिवशी मी फोटोला हसले नव्हते. तो माणूस तुमच्यापुढे हात जोडून उभा होता आणि मला वाटलं, त्याला कळू दे की आता यातलं जास्त मला कळतं. एवढंच होतं ते. माझं चुकलं, दादा. तुम्ही त्याला नजर म्हणालात, पण ती नजर नव्हती.

आणि मोतीबिंदूचं. तेव्हाही ऑपरेशन होत होतं, वसईत होत होतं. कुणाला एका शब्दाने सांगितलं असतंत तर शेवटपर्यंत तुम्ही त्या खोलीत गुणगुणला असतात. यावरून मी तुम्हाला चांगलं फैलावर घेणार होते, तोंडाळ तर तोंडाळ. चार ओळी लिहिल्याही होत्या, त्या आत्ता खोडल्या. कारण गेल्या महिन्यात मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, उजव्या डोळ्यात मोतीबिंदूचा पडदा धरलाय म्हणाले, रक्तात साखर आहे म्हणून लवकर आला, आणि तो तपासणीचा कागद मी तांदळाच्या डब्याखाली ठेवलाय. घरात कुणाला सांगितलेलं नाही. काल लेक माझ्या मागे उभी राहून मी साफ करून ठेवलेल्या एका फोटोकडे बराच वेळ बघत होती, बाईच्या खांद्याच्या कडेकडे. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मी तिला म्हणाले, चहा टाकतेस का जरा.